वेग गमावून जगलेले जहाज

११ मे १९६० रोजी फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील सँ नाझेरच्या गोदीतून एक अवाढव्य जहाज पाण्यात उतरले. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल समारंभाला जातीने हजर होते आणि त्यांच्या पत्नी इव्होन द गॉल यांच्या हस्ते जहाजाचे नामकरण झाले. नाव देशाचेच ठेवले होते: 'फ्रान्स'. लांबी ३१६ मीटर. एवढे लांब प्रवासी जहाज तोवर जगात कुणी बांधले नव्हते, आणि 'क्वीन मेरी २' येईपर्यंत, म्हणजे पुढची चाळीसहून अधिक वर्षे, कुणी बांधलेही नाही. अटलांटिक ओलांडण्यासाठी घडवलेले हे जहाज पुढे 'नॉर्वे' या नावाने कॅरिबियन समुद्रात दोन दशकांहून अधिक काळ सहली करत राहिले आणि शेवटी 'ब्लू लेडी' या नावाने गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडले गेले. आज हजारो प्रवाशांना घेऊन फिरणाऱ्या महाकाय क्रूझ जहाजांचा उगम शोधायचा, तर या एका जहाजाचा इतिहास नीट वाचावा लागतो. त्या उद्योगाचे खरे सूत्र १९७९-८० च्या हिवाळ्यात, या जहाजाचा वेग मुद्दाम काढून घेतला गेला तेव्हा, सिद्ध झाले. आणि त्या सूत्राची न चुकवलेली किंमतही याच जहाजाने शेवटी उघडी पाडली.

मुळात 'फ्रान्स' बांधावे असे का वाटले? दुसऱ्या महायुद्धापूर्वी फ्रेंच लाइन या कंपनीकडे 'नॉर्मंडी' होते. १९३५ मध्ये सेवेत आलेले हे जहाज सौंदर्य आणि वेग या दोन्हींसाठी नावाजलेले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर सैन्यवाहू जहाजात रूपांतर चालू असताना, त्याला आग लागली आणि ते कलंडले. युद्धानंतर कंपनीचा कारभार 'इल द फ्रान्स' आणि जर्मनीकडून भरपाई म्हणून मिळालेले 'लिबर्ते' या दोन वयस्क जहाजांवर चालला होता. दोन्ही निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती. अटलांटिकवर ब्रिटनची दोन 'क्वीन' जहाजे आणि अमेरिकेचे 'युनायटेड स्टेट्स' दिमाखाने धावत असताना फ्रान्सचे स्वतःचे जहाज नसणे तिथल्या राज्यकर्त्यांना मानवणारे नव्हते. त्याशिवाय गोदीतल्या हजारो कामगारांच्या हाताला काम हवे होते आणि ल हाव्र बंदराचे अर्थकारण अटलांटिक प्रवासी सेवेवर अवलंबून होते. त्यामुळे सरकारने अनुदान दिले आणि ७ सप्टेंबर १९५७ रोजी सँ नाझेर येथे जहाजाचा तळकणा बसवला गेला. बाजाराची गरज, रोजगार आणि राष्ट्राभिमान अशा तीन पायांवर हा निर्णय उभा होता, आणि तिसरा पाय सर्वांत जाड होता.

बांधणी मात्र निव्वळ अभिमानाची नव्हती, ती विलक्षण विचारपूर्वक केलेली होती. जहाजाचे मोठमोठे भाग आधी वेगळे तयार करून नंतर जागेवर आणून जोडले गेले. आठ बॉयलर, टर्बाइनचे चार संच, चार प्रोपेलर आणि एक लाख साठ हजार अश्वशक्ती एवढी यंत्रसामग्री दोन स्वतंत्र इंजिनखोल्यांत विभागली होती. एका खोलीत पाणी शिरले तरी दुसरीच्या बळावर जहाजाला पुढे जाता यावे, हा त्यामागचा हेतू. नेहमीच्या फेऱ्यांत ते ३० नॉटच्या वर वेग राखत असे, तर चाचण्यांत तो ३५ नॉटपर्यंत पोहोचला. धूर आणि काजळी डेकवर न पडता बाजूला फेकली जावी म्हणून दोन्ही धुराड्यांना पंखांसारखे आकार दिले होते, आणि दुरून जहाज ओळखण्याची तीच खूण ठरली. आगीबाबतची खबरदारी तर कमालीची होती. १९३२ मध्ये 'जॉर्ज फिलिपार', १९३३ मध्ये 'लातलांतिक', १९३९ मध्ये 'पारी' आणि मग 'नॉर्मंडी' अशी फ्रेंच जहाजे एकामागून एक आगीत गेली होती. तो धडा घेऊन अंतर्भागात लाकूड जवळजवळ वर्ज्य केले गेले. फर्निचर ॲल्युमिनियमचे आणि भिंती फॉर्मायकाच्या झाल्या. बॉयलर, नळ्या आणि कप्पे यांच्याभोवती ॲस्बेस्टॉस भरला गेला. त्या काळच्या ज्ञानानुसार ती सुरक्षिततेची परमावधी होती. पंचेचाळीसेक वर्षांनी हाच पदार्थ या जहाजाच्या कायदेशीर लढाईचा मुख्य विषय व्हायचा होता.

आतल्या सुखसोयी पाहिल्या, की हे जहाज कोणत्या कामासाठी घडवले होते ते स्पष्ट दिसते. सुमारे दोन हजार प्रवासी आणि हजाराहून अधिक कर्मचारी. पहिला वर्ग आणि टुरिस्ट वर्ग अशी काटेकोर विभागणी. दोघांची भोजनगृहे, दिवाणखाने, फिरण्याचे मार्ग आणि पोहण्याचे तलावही वेगळे. पहिल्या वर्गाचे 'शाँबोर' भोजनगृह वर्तुळाकार होते. प्रवासी जिन्याने उतरून त्यात प्रवेश करत, म्हणजे संध्याकाळच्या पोशाखातला तो प्रवेश सर्वांना दिसे. तिथल्या पाककलेची ख्याती जमिनीवरच्या उत्तमोत्तम फ्रेंच हॉटेलांच्या तोडीची होती. टुरिस्ट वर्गासाठी 'व्हर्साय' भोजनगृह होते. ६६४ आसनांचे नाट्यगृह समुद्रावरचे सर्वांत मोठे मानले जाई, आणि त्यातही सज्जा पहिल्या वर्गासाठी राखलेला असे. ग्रंथालय, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, दुकाने, प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी खास जागा, सगळीकडे वातानुकूलन आणि डुलणे कमी करणारे स्थिरक, असा थाट होता. पण जवळजवळ सारे काही बंदिस्त. टुरिस्ट वर्गाच्या तलावावरदेखील काचेचे छत होते. उत्तर अटलांटिकचा गार वारा आणि उसळता समुद्र यांपासून माणसाला पाच दिवस सांभाळून पलीकडे पोहोचवायचे, हे उद्दिष्ट असल्यामुळे समुद्राकडे पाठ करणारी रचनाच योग्य होती. या सुखसोयींचे काम प्रवास सुसह्य करण्यापुरते होते, खुद्द प्रवासाचे कारण वेगळे असे.

ते कारणच नाहीसे होत होते. १९५७ मध्ये, म्हणजे तळकणा बसवला त्याच वर्षी, अटलांटिक जहाजाने ओलांडणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर होती. पुढच्याच वर्षी विमानाने जाणारे जहाजाने जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाले. ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रिटिश कंपनीने 'कॉमेट' आणि पॅन ॲमने 'बोइंग ७०७' ही जेट विमाने या मार्गावर आणली. पाच दिवसांचे अंतर काही तासांवर आले. ३ फेब्रुवारी १९६२ रोजी 'फ्रान्स' ल हाव्रहून न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रवासाला निघाले, तोवर लढाईचा निकाल लागल्यासारखा होता. म्हणून कित्येकांनी या जहाजाला जन्मतःच कालबाह्य ठरवले आहे. त्यात तथ्य आहे, पण निर्णयाचे माप त्या वेळच्या माहितीने घ्यायला हवे. जहाजाची मागणी नोंदवली गेली तेव्हा समुद्रमार्गे जाणाऱ्यांचे आकडे चढे होते आणि जेटचा व्यापारी जम बसायचा होता. शिवाय कालबाह्य झाले ते त्याला नेमून दिलेले काम. त्याची घडण मुळीच कालबाह्य झालेली नव्हती. हा फरक सूक्ष्म वाटतो, पण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे. घडण वाईट असती तर दुसरे काम शोधण्याची वेळच आली नसती.

साठच्या दशकात जहाजाने प्रतिष्ठेची कामे चोख बजावली. डिसेंबर १९६२ मध्ये लिओनार्दोची 'मोनालिसा' अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी याच जहाजाने न्यूयॉर्कला गेली. पण भोवतालची गर्दी विरळ होत होती. 'क्वीन मेरी' १९६७ मध्ये, 'क्वीन एलिझाबेथ' १९६८ मध्ये आणि 'युनायटेड स्टेट्स' १९६९ मध्ये अटलांटिक सोडून गेली. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या बोटींचा जमानाही याच सुमारास, याच कारणाने सरला. 'फ्रान्स' टिकले ते सरकारी अनुदानावर. हिवाळ्यात सहलींना जाण्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ आणि १९७४ मध्ये जगप्रदक्षिणाही झाल्या. मात्र पनामाच्या जलपाशांत मावणार नाही एवढा त्याचा आकार होता आणि सुएझ कालवा तेव्हा बंद होता, त्यामुळे खंडांना वळसे घालावे लागले. उन्हात पहुडायला मोकळा डेक पुरेसा नव्हता आणि दोन वर्गांच्या भिंती सहलीच्या मोकळेपणाला आड येत. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचे भाव चौपट झाले आणि वेगासाठी तेल पिणाऱ्या बॉयलरांचा खर्च आवाक्याबाहेर गेला. १९७४ च्या उन्हाळ्यात जिस्कार देस्तँ यांच्या नव्या सरकारने अनुदान थांबवले. त्या वेळी पंतप्रधान होते जाक शिराक. सप्टेंबरमध्ये ल हाव्रजवळ येताच कर्मचाऱ्यांनी जहाज ताब्यात घेतले आणि बंदराच्या तोंडाशी नांगर टाकला. प्रवाशांना दुसऱ्या बोटीने उतरवावे लागले. जवळपास महिनाभर चाललेला तो संप निष्फळ ठरला.

पुढची पाच वर्षे जहाज ल हाव्रच्या एका आडबाजूच्या धक्क्याला बांधलेले होते. १९७५ मध्ये मिशेल सार्दू या गायकाने त्याच्यावर गायलेले 'ल फ्रान्स' हे गाणे देशभर गाजले, यावरून लोकांच्या मनातली हळहळ कळते. १९७७ मध्ये अक्रम ओजेह या सौदी उद्योजकाने ते विकत घेतले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर तरंगते संग्रहालय, हॉटेल आणि कॅसिनो उभारण्याचा त्यांचा बेत होता, तो सिद्धीस गेला नाही. १९७९ मध्ये नॉर्वेजियन कॅरिबियन लाइनचे क्नुट क्लोस्टर यांनी सुमारे १.८ कोटी डॉलरना ते घेतले. जे बांधायला सुमारे आठ कोटी डॉलर लागले होते, ते वीस वर्षांच्या आत त्याच्या चौथाईहूनही कमी किमतीत गेले. मधल्या काळातली महागाई धरली तर घसरण आणखी मोठी. त्या व्यवहारात पोलादाला जवळजवळ मोल नव्हते. मोल होते ते या पोलादाकडून कोणते काम करून घ्यायचे, या एका कल्पनेला.

ती कल्पना शून्यातून आलेली नव्हती. आक्षेप असा घेतला जातो, की सागरी सहलींचे श्रेय 'नॉर्वे'ला देणे चूक आहे. जर्मन 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' १८९१ मध्येच भूमध्य समुद्रात अशी सहल करून आले होते, आणि खुद्द क्लोस्टर यांनीच १९६६ मध्ये टेड ॲरिसन यांच्या साथीने 'सनवर्ड' हे छोटे जहाज मायामीतून सुरू केले होते. त्यानंतर 'स्टारवर्ड', 'स्कायवर्ड', रॉयल कॅरिबियनचे 'साँग ऑफ नॉर्वे' आणि कार्निव्हलचे 'मार्डी ग्रा' आले. हे सगळे खरे आहे. पण मायामीसाठी बांधली गेलेली त्या काळातली नवी जहाजे जेमतेम पंधरा-वीस हजार टनांची होती. कॅरिबियन बेटांची बंदरे उथळ, सहल जेमतेम आठवड्याची, ग्राहक मध्यमवर्गीय. अशा व्यवसायात सत्तर हजार टनांचे जहाज म्हणजे दिवाळखोरी, असा जाणकारांचा समज होता. लहान जहाजाच्या सहलीत बेटे हे आकर्षण असते आणि जहाज हे त्यांच्याकडे नेणारे वाहन. मोठ्या जहाजाला हे गणित परवडत नाही. दोन हजार माणसांना आठवडाभर गुंतवून ठेवायचे, तर जहाजच मुक्कामाचे ठिकाण व्हावे लागते. क्लोस्टर यांचा डाव नेमका यावर होता. सहलींचा शोध त्यांनी लावला नाही. आकारमान हेच सहलीचे भांडवल होऊ शकते, हे त्यांनी पैसे लावून सिद्ध केले.

ऑगस्ट १९७९ मध्ये टगांनी ओढत जहाज ब्रेमरहाफेनला नेले आणि डॅनिश नौकाशिल्पी टागे वांडबोर्ग यांच्या आराखड्यानुसार काम सुरू झाले. पहिला घाव वेगावर पडला. पुढची इंजिनखोली बंद केली गेली आणि बाहेरचे दोन प्रोपेलर काढून टाकले. संकटात कामी यावी म्हणून केलेली दोन इंजिनखोल्यांची विभागणी आता काटकसरीच्या कामी आली. एक अर्धा भाग सरळ निवृत्त करता आला. वेग १६ ते १८ नॉटवर आला आणि इंधनाचा खप निम्म्याहून खाली उतरला. न्यूयॉर्कला पाच दिवसांत पोहोचण्याची घाई आता कुणालाच नव्हती. रात्रभरात पुढच्या बेटाशी पोहोचले की झाले, आणि दिवसभर समुद्रावर रेंगाळले तर उलट फायदाच. कारण प्रवासी जितका वेळ जहाजावर, तितका त्याचा खर्च जहाजावर. टग न घेता धक्क्याला लागता यावे म्हणून नाळेशी आणि पिछाडीला आडवे ढकलणारे थ्रस्टर बसवले. जहाज ज्या बंदरात शिरूच शकत नव्हते तिथे खोल पाण्यात नांगर टाकून प्रवाशांना उतरवण्यासाठी प्रत्येकी ४०० माणसे नेणाऱ्या दोन मोठ्या बोटी पुढच्या डेकवर चढवल्या. त्यांची नावे 'लिटल नॉर्वे १' आणि '२'. आकारमानाचा सर्वांत मोठा अडथळा अशा रीतीने दोन बोटींनी दूर केला.

सुखसोयींची फेररचना हा या रूपांतराचा दुसरा, आणि अधिक दूरगामी, भाग. वर्गांच्या भिंती पाडल्या गेल्या. एकच तिकीट, सर्वांना सगळे जहाज खुले. बंदिस्त काचेच्या दोन फेरफटका-मार्गांना 'शाँझेलिझे' आणि 'फिफ्थ ॲव्हेन्यू' ही नावे देऊन तिथे दुकाने, उपाहारगृहे, बसायच्या जागा असा रस्ताच तयार केला. सजावट अमेरिकन रचनाकार अँजेलो डोंघिया यांची होती. पिछाडीचे डेक रुंद करून उघड्यावर मोठा तलाव बांधला. समुद्राकडे पाठ करणारे जहाज आता उन्हाकडे तोंड करून बसले. शाँबोरचे नाव 'विंडवर्ड' आणि व्हर्सायचे 'लीवर्ड' झाले, पण घुमट आणि जिना तसाच राखला. कॅसिनो आला, नृत्यगृहे आली. जुने नाट्यगृह 'सागा थिएटर' झाले आणि त्यात ब्रॉडवेच्या पूर्ण लांबीच्या संगीतिका रंगू लागल्या. १९८३ पासून तर जहाजावर जॅझ महोत्सव भरू लागला. १ जून १९८० रोजी मायामीतून नियमित सहली सुरू झाल्या तेव्हा हे जगातले सर्वांत मोठे प्रवासी जहाज होते. गंमत अशी, की ज्या जेट विमानाने जहाजाचे पहिले काम हिरावून घेतले, तेच आता अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांतून प्रवासी आणून मायामीत पोहोचवत होते. विमानाने जहाज संपवले हे प्रचलित विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते. विमानाने जहाजाकडून पोहोचवण्याचे काम काढून घेतले, आणि रमवण्याचे काम मोकळे करून दिले.

परिणाम लवकरच दिसला. रॉयल कॅरिबियनने १९८८ मध्ये 'सॉव्हरिन ऑफ द सीज' सेवेत आणले: ७३ हजार टनांचे, पहिल्यापासून सहलींसाठीच आखलेले, मधोमध पाच मजली उंच दालन असलेले. ते बांधले गेले सँ नाझेरच्याच गोदीत. ज्या गोदीने अटलांटिकच्या वेगाचा शेवटचा फ्रेंच मानबिंदू घडवला, तिथेच आता मंदगतीचे तरंगते शहर घडत होते. 'नॉर्वे'वर १९९० मध्ये आणखी दोन मजले चढवून त्याला ७६ हजार टनांवर नेले गेले, पण शर्यत आता त्याच्या हातातून निसटली होती. आज 'आयकॉन ऑफ द सीज'चे टनेज अडीच लाखांच्या घरात आहे. त्यावरचे रस्ते, बागा आणि जलक्रीडेची दालने पाहिली, तर प्रत्येकामागे १९८० चे तेच गणित आहे: वेगावर खर्च नको, आकारमान वाढवा, वर्ग मोडा, प्रवाशाला किनाऱ्यावर उतरायची गरज कमी भासू द्या. खाजगी बेटांची कल्पनाही याच घराण्यातली. क्लोस्टर यांच्याच कंपनीने १९७७ मध्ये बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतले होते, म्हणजे जहाजाबाहेर पडलेला प्रवासीही कंपनीच्याच अंगणात राही.

इथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. या यशाचे श्रेय कल्पकतेपेक्षा स्वस्त श्रमांना आहे, असे टीकाकार म्हणतात. फ्रेंच झेंड्याखाली फ्रेंच वेतनावर जे चालले नाही, ते बहुराष्ट्रीय कर्मचाऱ्यांच्या बळावर चालले. 'नॉर्वे'वर इतक्या देशांचे लोक काम करत, की त्याला संयुक्त राष्ट्रांचा ध्वज लावण्याची परवानगी मिळाली होती. पुढे जहाजाची नोंदणीही नॉर्वेतून बहामात गेली. हा आक्षेप मी खोडून काढू इच्छित नाही. तो मान्य करूनच युक्तिवाद पुरा होतो. 'फ्रान्स'चा तोटा सगळ्यांना दिसत होता, कारण तो फ्रेंच करदात्याच्या खात्यावर मांडला जाई. 'नॉर्वे'चा खर्च कमी झाला, त्यातला काही भाग खरोखर वाचला, जसे इंधन. पण काही भाग केवळ नजरेआड गेला. प्रवासी डेकवर वर्गभेद उरला नाही. तो आता प्रवासी आणि पाण्याच्या रेषेखाली राबणारे कर्मचारी यांच्यात उभा राहिला. २५ मे २००३ रोजी मायामीच्या धक्क्याला जहाज उभे असताना एका बॉयलरचा स्फोट झाला. आठ कर्मचारी मृत्यू पावले, अनेक जखमी झाले. प्रवाशांपैकी कुणाला इजा झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत बॉयलर चालवण्याच्या, देखभालीच्या आणि तपासणीच्या त्रुटींवर ठपका आला, आणि २००८ मध्ये कंपनीने न्यायालयात गंभीर निष्काळजीपणाची कबुली दिली. वरच्या मजल्यांवर चार दशकांत वेळोवेळी नवी सजावट चढली, पण खाली १९६१ चे बॉयलर धडधडतच होते. सुखसोयींचा इतिहास केवळ दालनांच्या नावांनी लिहिला, तर ही आठ माणसे त्यातून गळतात.

जहाज पुन्हा चालू झाले नाही. ओढत ते आधी ब्रेमरहाफेनला आणि २००५ मध्ये मलेशियात नेले गेले. तिथून 'ब्लू लेडी' या नव्या नावाने, नव्या मालकाकडे, ते तोडणीसाठी निघाले. आत हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉसयुक्त साहित्य होते. घातक कचरा असा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावर बाझल कराराने निर्बंध घातले आहेत, पण जहाज दुरुस्तीला जाते आहे की मरायला, हे कागदावर अस्पष्ट ठेवले की करार बाजूला पडतो. बांगलादेशाने त्याला प्रवेश नाकारला. त्याच सुमारास 'क्लेमान्सो' ही फ्रेंच विमानवाहू युद्धनौका अलंगकडे येत असताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयात प्रश्न उपस्थित झाला आणि तिला परत बोलावण्याचा आदेश फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी दिला. ते होते शिराक, ज्यांच्या पंतप्रधानकीत 'फ्रान्स' सेवेतून निघाले होते. लष्करी नौकेसाठी सरकारला जाब विचारता आला. व्यापारी जहाजाचा मालक मात्र मध्येच बदललेला होता, झेंडा बदलला होता, नावही बदलले होते. जाब विचारायचा कुणाला? जून २००६ मध्ये, पावसाळा तोंडावर असताना, न्यायालयाने माणुसकीच्या दृष्टीने जहाजाला भारतीय पाण्यात येऊ दिले आणि १५ ऑगस्ट २००६ रोजी भरतीच्या पाण्यावर ते अलंगच्या चिखलात चढवले गेले. ११ सप्टेंबर २००७ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला संमती दिली. निकालात शाश्वत विकासाचे तत्त्व मांडताना सुमारे ४१ हजार टन पोलाद आणि ७०० कामगारांचा रोजगार यांचा तराजूत विचार झाला.

या निकालाचे समर्थन करणारे विचारतात: ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून पोटासाठी अलंगला आलेल्या मजुरांचे काम काढून घेऊन कुणाचे भले होणार? मुंबईच्या दारूखान्यापासून भावनगरच्या किनाऱ्यापर्यंत जहाजतोडणीने हजारो कुटुंबे पोसली आहेत आणि भारताला खाणीतून न काढता पोलाद मिळाले आहे, हे निर्विवाद. जहाज तोडूच नये असे कुणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न होता तो तोडण्याआधी ॲस्बेस्टॉस कुणी काढायचा आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा हा. ज्यांनी या जहाजावर चार दशके उत्पन्न आणि प्रतिष्ठा मिळवली, त्यांनी श्रीमंत देशातल्या सुसज्ज गोदीत तो काढून जहाज पाठवले असते, तर अलंगच्या मजुराचे कामही राहिले असते आणि फुप्फुसेही. मजुराची गरज दाखवून मालकाची जबाबदारी माफ करणे हा तराजूचा तोल नव्हे. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार स्वीकारला. तो करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. जहाजावर कोणते घातक पदार्थ कुठे आहेत याची यादी आता मालकाला ठेवावी लागते. 'ब्लू लेडी'च्या वेळी हीच यादी वादाच्या मुळाशी होती.

एवढ्या ऐतिहासिक जहाजाचे संग्रहालय का केले नाही, असेही हळहळून विचारले जाते. 'क्वीन मेरी' कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे उभी आहे खरी, पण तिच्या देखभालीचे ओझे त्या शहराला दशकानुदशके जड गेले आहे. 'फ्रान्स'च्या नाळेचे टोक मात्र वाचले. कापून ते परत नेले गेले, २००९ मध्ये पॅरिसमध्ये अडीच लाख युरोंहून अधिक किमतीला विकले गेले आणि आता ल हाव्र बंदरात ठेवलेले आहे. स्मारक म्हणून ते योग्य आहे, पण या जहाजाने मागे ठेवलेला खरा वारसा प्रत्येक नव्या क्रूझ जहाजात जिवंत आहे, आणि त्याचे दोन्ही अर्थ एकत्र घ्यावे लागतील. एक, यंत्राचे नशीब त्याच्या घडणीइतकेच त्याला दिलेल्या कामाने ठरते. काम बदलायची तयारी दाखवली, तेव्हा मोडीत निघालेले जहाज आणखी तेवीस वर्षे चालले. दुसरा, आराम स्वस्त झाला की स्वस्ताईचा काही भाग कुठेतरी, कुणाच्या तरी अंगावर पडलेला असतो. आज गोदीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक महाकाय जहाजाच्या किमतीत, त्याच्या तलावांच्या आणि नाट्यगृहांच्या खर्चाबरोबरच, त्याच्या इंजिनखोलीतल्या माणसाची सुरक्षितता आणि शेवटच्या तोडणीचा स्वच्छ खर्च पहिल्या दिवशीच धरला पाहिजे. तो धरल्यावरही जे जहाज परवडेल, तेच खऱ्या अर्थाने फायद्याचे.